पंधरा दिवसांचं पथ्य

धर्मराजला खोकला झाला तेव्हा नबीला आधी बरं वाटलं. लाजही वाटली, पण ती मागून.

गेवराईच्या बसस्टँडामागं मुजाहिदच्या बँडचं दुकान होतं. नबी तिथं तीस वर्षं क्लॅरोनेट वाजवत होता. मुजाहिदचे वडील मालक होते तेव्हापासून. लग्न ठरलं की मुलाचा बाप सुपारी द्यायला दुकानात यायचा आणि बसायच्या आधी विचारायचा, "नबीभाई हायेत ना?" दोन वर्षांपूर्वी वडवणीकडून धर्मराज आला. सत्तावीस वर्षांचा, काटकुळा, पण वरच्या पट्टीतला सूर असा धरायचा की नाचणारी माणसं नाचायची थांबून त्याच्याकडं बघायची. आता मुलाचे बाप विचारायचे, "ते वडवणीचं पोरगं येणार ना?"

धर्मराजचा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरला होता. नबीनं तो कितीदा तरी पाहिला. चूक सापडावी म्हणून पाहिला. चूक सापडली नाही. एका कोपऱ्यात लाल कोटाची एक बाही दिसत होती, तो स्वतः नबी.

संक्रांत झाली, लग्नं सुरू झाली. मांजरसुंब्याकडचं एक लग्न उरकून पहाटे परत येताना धर्मराज टेम्पोत मागं उघड्यावर बसला आणि घाटातला वारा त्याच्या अंगात शिरला. नाक चार दिवसांत सुकलं, पण सगळा कफ छातीत जाऊन बसला. श्वास घेतला की छाती घरघरायची. सूर धरला की मधेच खोकल्याची उबळ यायची आणि क्लॅरोनेटमधून बदकाच्या पिल्लासारखा आवाज निघायचा. पोरं हसायची. नबी हसायचा नाही, खाली बघायचा. कारण त्याला जे वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसलं असतं.

डॉक्टरनं छातीला नळी लावून बघितलं. ताप नाही, धाप नाही, न्यूमोनिया नाही. सर्दीनंतरचा कफ आहे, दहा-बारा दिवस घेईल, गरम पाणी पी आणि धाप लागली किंवा ताप आला तर लगेच ये, असं सांगून पाठवलं.

"दहा-बारा दिवस!" मुजाहिदनं कपाळाला हात लावला. "पाच सुपाऱ्या हायेत. नबीभाई, तुमच्या अब्बांचा इलाज होता की. मी लहान असताना माझी छाती त्यांनीच मोकळी केलती. घेऊन जा याला घरी."

नबीच्या अब्बांचा इलाज साऱ्या बँडवाल्यांना ठाऊक होता. फुंकून पोट भरणाऱ्या माणसाला छाती सांभाळावीच लागते. नबीला नाही म्हणता आलं नाही. तो पुढं आणि धर्मराज मागं खोकत, असे दोघं घरी आले.

"अगं बाई, काय ही दशा!" रुकसानानं धर्मराजला बघितलं आणि हातातलं काम टाकलं. नबीची बायको बोलायला लागली की थांबायची नाही, आणि काम करायला लागली की बोलायची नाही. तिनं परसातल्या अडुळशाची पिकलेली पानं तोडली, वाफवली, फडक्यात घालून पिळली. त्या हिरव्या-काळ्या रसात आल्याचा रस आणि मध घातला.

"एका दमात पी. कडू हाय."

धर्मराजनं एका दमात प्यायला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पातेल्यात उकळतं पाणी, त्यात चिमूटभर ओवा. डोक्यावर टॉवेल. टॉवेल नबीचा होता. पलंगही नबीचाच, आणि त्याची बसायची जागाही तीच. वाफ झाल्यावर रुकसानानं तव्यावर ओवा भाजून कापडात बांधला. ती पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून किती गरम आहे ते बघितलं आणि मग धर्मराजच्या हातात दिली.

"छाती शेक. आता पालथा हो."

तो पालथा झाला, तशी ती ओंजळीसारखा हात करून त्याच्या पाठीवर हलके थापा मारायला लागली, खालून वर. अब्बा अशाच मारायचे. थोड्या वेळानं धर्मराज उठून मोरीकडं धावला, खाकरला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज अर्धा मोकळा झाला होता.

"चाची, जादू हाय तुमच्या हातात!"

"जादू कुठली रे. तुझ्याच छातीत दम हाय. किती लवकर सुटला कफ!" रुकसाना म्हणाली आणि नबीकडं वळली. "यांना तर चार-चार दिवस लागतात आता."

ती सहज बोलली. नबीला ते सुईसारखं टोचलं. आपल्या बायकोनं आपल्या घरात, आपल्या पलंगावर बसलेल्या माणसाच्या छातीचं कौतुक करावं!

"चाचा," धर्मराजनं विचारलं, "वाजवायला कवा लागू?"

अब्बांच्या इलाजाचा शेवटचा भाग वाजवण्याचाच होता. कफ सुटायला लागला, की तिसऱ्या दिवसापासून वाफ घेतल्यावर खालचे सूर हळूहळू, लांब फुंकायचे. जोर लावायचा नाही, वरच्या पट्टीत जायचं नाही. त्या फुंकण्यानं छातीच्या तळातला कफ हलतो आणि वर येतो. नबीनं हे स्वतः वीस वेळा केलं होतं.

"पंधरा दिवस," नबी म्हणाला. "पंधरा दिवस तोंडाला लावायचा न्हाई. कच्च्या छातीवर फुंकलं तर जन्माचा दमा लागतो."

तवा आवरताना रुकसानाचा हात थांबला. धर्मराजनं नबीकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि मान हलवली. "तुमी सांगाल तसं, चाचा."

तो गेल्यावर रुकसाना दारात उभी राहिली. रागावली की तिच्या तोंडात आधी घरची दखनी हिंदी यायची.

"झूट कायको बोले जी?"

"कायका झूट?"

"तिसऱ्या दिवशी वाजवायचं असतं. मी या घरात आल्यापास्नं बघते."

"तू वाजवतीस का? मग गप बस."

त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं ते ताटाकडं बघून, त्याच्याकडं नाही.

मग नबीचे दिवस आले. पुढच्या दोन लग्नांत तोच पुढं होता. लाल कोटाला त्यानं इस्त्री करून घेतली, मिशीला रंग लावला. परण्या निघाला, म्हणजे नवरदेव लग्नाआधी घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला, की घोड्यापुढं नबी. तीस वर्षांची सवय होती. बोटं आपोआप चालायची.

पण धर्मराज घरी बसला नव्हता. सुपारीतला वाटा बुडू नये म्हणून तो खुळखुळा घेऊन मागच्या रांगेत उभा राहायचा. नबीला पाठीमागं तो खुळखुळा ऐकू यायचा. बाकीचे ढोल-ताशे एका बाजूला आणि तो खुळखुळा एका बाजूला. हा ऐकतोय, प्रत्येक सूर मोजतोय, असं वाटून त्याची मान ताठ व्हायची. त्यात कुणीतरी पोरगं ओरडायचं, "अय, त्या वडवणीवाल्याला द्या की वाजवायला!"

दुसऱ्या लग्नात नबीचा दम तुटला. वरच्या पट्टीत एक लांब सूर होता. तो अर्ध्यात गेला. तेवढ्यात मागून धर्मराजनं खुळखुळा डोक्यावर नेऊन असा काही झडझडवला आणि "होऽऽ" करून अशी आरोळी ठोकली, की सगळी पोरं त्याच्याकडं वळून नाचायला लागली. नबीला श्वास घ्यायला वेळ मिळाला. तुटलेला सूर कुणाच्या ध्यानात आला नाही.

मुजाहिद खूश झाला. "काय मेळ जमला तुमचा!"

नबी त्या दिवशी धर्मराजशी एक शब्द बोलला नाही. ज्यानं आपल्याला सांभाळून घेतलं त्याच्यावरचा राग फार वाईट असतो, त्याला शिवीसुद्धा देता येत नाही.

आणि घरी तर वेगळंच चालू होतं. धर्मराज रोज सकाळी काढ्याला यायचा. कधी अडुळसा, कधी सुंठ-लवंग-गुळाचा काढा. त्यानं तिळगूळ आणला. त्यानं रुकसानाच्या मिक्सरची वायर जोडून दिली. नबी अंघोळ करून बाहेर यायचा तेव्हा दोघं हसत असायची आणि त्याला बघून हसू थांबायचं. हसू थांबतं म्हणजे ते आपल्यावरच होतं, असं तो धरून चालायचा. रुकसाना त्या पोराच्या आईच्या वयाची होती, नबीला ते कळत होतं. तरी जळायचं थांबत नव्हतं. त्याला वाटे, या पोरानं आधी माझी जागा घेतली, मग माझा टॉवेल, आता माझं घर.

नवव्या दिवशी नबी बाजारात गेला होता. दुपारच्या नमाजाआधी परत आला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला क्लॅरोनेट ऐकू आला.

खालचा सूर होता. लांब, सपाट, घाई नसलेला. संपतोय वाटेपर्यंत आणखी थोडा पुढं जायचा आणि मग विझायचा. पुन्हा दुसरा. नबी हातात पिशवी घेऊन घराच्या भिंतीला टेकून उभा राहिला. वरच्या पट्टीतली चमक तो समजू शकत होता. तरुणपणाचा दम आहे, जाईल एक दिवस, असं मनाला सांगू शकत होता. पण खालचे सूर ही त्याची स्वतःची गोष्ट होती. लोक त्यांना टाळ्या वाजवत नाहीत, कळणाऱ्यालाच कळतात. आणि तेसुद्धा या पोराचे आपल्याहून चांगले होते. 

तो आत गेला. परसात अडुळशाजवळ पाटावर बसून धर्मराज वाजवत होता. रुकसाना भांडी घासत होती. नबीला बघून धर्मराज उभाच राहिला.

"कवापास्नं?" नबीनं विचारलं.

"तिसऱ्या दिवसापास्नं," रुकसानानं भांड्यांवरची नजर न काढता उत्तर दिलं. "मीच सांगितलं त्याला. तुमच्या अब्बांची रीत मला मोडवली न्हाई."

नबी धर्मराजकडं वळला. "छाती मोकळी हाय तुझी?"

"हाय. परवापास्नं घरघर न्हाई. थोडा खोकला हाय."

"मग लग्नात खुळखुळा कावून वाजवतूस?"

धर्मराजनं क्लॅरोनेट खाली पाटावर ठेवला.

"माझ्यावर उपकार करतूस व्हय? म्हातारं माणूस म्हणून?"

"उपकार कसला चाचा!" धर्मराजचा आवाज चढला आणि त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "राग आलता मला. लई आलता. चाचीनं सांगितलं तवा वाटलं, सगळ्यांसमोर विचारावं. पण तुमी मालकाच्या बापाच्या वेळचे. तुमी म्हणलात की हा नको, तर मालक मला उद्या काढतील. घरी आई हाय, दोघी बहिणी हायेत. मला भ्या वाटलं. म्हणून पंधरा दिवस मोजत होतो. सहा राहिलेत."

नबी खाली बसला. हा पोरगा आपल्याला घाबरत असेल हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. दोन वर्षं तो स्वतःला ढकलला गेलेला माणूस समजत होता. ढकलणाऱ्याच्या अंगावर काटा येत असेल, तोही आपल्यामुळं, हे त्याला नवीन होतं.

रुकसानानं हात धुतले. चहा ठेवला. तिघांनी चहा प्यायला. धर्मराज जायला निघाला तेव्हा नबी म्हणाला, "रात्री दही खाऊ नको. आन उद्या वाफ घेऊन वाजवायला ये."

संध्याकाळी तो दुकानात गेला. मुजाहिद ढोलाची दोरी आवळत होता.

"परवाच्या लग्नात धर्मराज वाजवंल," नबी म्हणाला.

"पंधरा दिवस कुठं झालेत?"

"पंधरा लागत न्हाईत. मी चुकीचं सांगितलतं."

"हिशेब चुकला व्हय?" मुजाहिद हसला.

नबीला 'हो' म्हणायची संधी होती. "न्हाई," तो म्हणाला. "मुद्दाम सांगितलतं."

मुजाहिदनं दोरी सोडली. त्यानं नबीकडं बघितलं, आणि मग पुन्हा दोरी हातात घेतली. "बरं," एवढंच म्हणाला.

लग्न वडवणीला होतं, म्हणजे धर्मराजच्या ओळखीच्या माणसांत. परण्याला गर्दी उसळली. धर्मराज घोड्यापुढं, नबी त्याच्या डाव्या हाताला, खालच्या सुरात. धर्मराजनं सूर उचलला तशी शंभर एक मोबाइल वर झाले. नबीला वाटलं होतं की खरं बोलल्यावर आतलं जळणं थांबेल. ते थांबलं नाही. वर झालेला प्रत्येक मोबाइल त्याला दिसत होता, आणि त्यातला एकही आपल्याकडं नाही हेही दिसत होतं.

मारुतीच्या देवळापाशी धर्मराजला खोकल्याची उबळ आली. सूर तुटायच्या आत त्यानं डावीकडं बघितलं. नबीनं खालून चाल उचलली आणि वर नेली. गर्दीला कळलंही नाही. धर्मराज वाकून खोकला, खाकरला, तोंड पुसलं, दोन लांब श्वास घेतले आणि तयार होऊन उभा राहिला.

नबीनं त्याला तयार झालेलं पाहिलं. तरी त्यानं दोन ओळी जास्त वाजवल्या. मग मानेनं खूण केली आणि आपला सूर खाली आणला.