ग्रॅहमचे मित्र

पोलिसांचा एक नकाशा असतो, कॉम्प्युटरवर कुणालाही बघता येतो. ज्या गावात गुन्हा झाला त्या गावावर टिंब. आमच्या लिटल हॅडबीवर गेली कित्येक वर्षं टिंब नव्हतं, आणि पॉमफ्रेट साहेब ही गोष्ट दर ग्रामसभेत अशी सांगायचे, जणू काही गावावरची टिंबं त्यांनी स्वतः रबर घेऊन खोडली आहेत. पॉमफ्रेट साहेब म्हणजे आमच्या शेजारपहारा मंडळाचे प्रमुख. पहारा कसला डोंबलाचा! प्रत्येकाच्या खिडकीला एक पिवळा स्टिकर आणि महिन्यातून एकदा सभागृहात चहा-बिस्किटं. स्टिकर वाचून चोर पाय लावून पळत असतील तर पळोत बापडे.

चोऱ्या होत नव्हत्या असंही नाही. चर्चच्या छतावरचं शिसं एकदा कुणीतरी सोलून नेलं. मळ्यावरच्या टाकीतलं डिझेल तर दर हिवाळ्यात जातं. पण तक्रार करायची म्हणजे गवगवा होणार, आणि गवगवा करणं हे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. "जाऊ दे, कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना?" एवढं म्हणायचं, किटली ठेवायची, विषय संपला.

थेल्मा क्रॅबट्री याच गावात वाढली, त्यामुळे तीही तशीच. बहात्तर वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, त्यामुळे अजूनही चार माणसांचं करायला घेतलं तर चाळीस जणांना पुरेल एवढं व्हायचं. चॅपल लेनच्या टोकाला तिचं घर, आणि भिंतीला भिंत लागून ग्रॅहमचं, सरकारकडून भाड्यानं घेतलेलं.

ग्रॅहम सेहेचाळीस वर्षांचा. अंगानं दांडगा, पण डोक्यानं आठ-नऊ वर्षांचा. त्याची आई एडना म्हणजे थेल्माची शाळेपासूनची मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी ती इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा थेल्माचा हात धरून म्हणाली, "माझ्या ग्रॅहमला त्या घरातून कुणाला काढू देऊ नकोस गं. तो दुसरीकडे जगायचा नाही." थेल्मा म्हणाली, "मी आहे ना." एवढं सोपं वाटलं होतं तेव्हा.

आणि सोपंच होतं. आठवड्यातून दोनदा सरकारी बाई येऊन त्याची साफसफाई बघून जायची, जेवणाचं थेल्मा बघायची. मंगळवारी कचऱ्याची गाडी यायची, त्याच्या आदल्या दुपारी ग्रॅहम लेनमधल्या सगळ्यांच्या चाकाच्या कचरापेट्या ओढत रस्त्याच्या कडेला ओळीनं लावायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. पण पेटी जरा वाकडी राहिली की परत जाऊन सरळ करायचा. लोक म्हणायचे, "शाबास ग्रॅहम!" की गडी दिवसभर खूश.

सप्टेंबरात एक देखणा पोरगा थेल्माच्या दारात आला. पायात नवे कोरे बूट, चेहऱ्यावर गोड हसू.

"मी रायन. ग्रॅहमच्या नात्यातला, लांबचा. त्याला सोबत म्हणून थोडे दिवस राहायला आलोय. तो बाहेर गेलाय वाटतं. किल्ली तुमच्याकडे असते म्हणे?"

आता आमच्या गावात शेजारणीची किल्ली शेजारणीकडे असायचीच, त्यात काही विशेष नाही. थेल्माच्या मनात क्षणभर आलं, एडनाच्या तोंडून याचं नाव कधी ऐकलं नाही. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला "तू कोण, कुठला" असं विचारायचं? शोभतं का ते? आणि पोरगा "प्लीज" म्हणाला होता, पाय पुसून उंबऱ्यात उभा राहिला होता. तिनं किल्ली दिली. वर सकाळी भाजलेला लिंबाचा केकही दिला, अख्खा. "बरं झालं बाई, त्याला घरचं माणूस मिळालं," असं आणि म्हणाली.

आठवड्याभरात रायनबरोबर आणखी दोघं राहायला आले. ग्रॅहमच्या घराचे पडदे दिवसाही बंद. अनोळखी गाड्या यायच्या, कुणीतरी उतरायचं, दोन मिनिटांत परत निघायचं. साफसफाईच्या बाईला रायननं दारातूनच सांगितलं, आता आम्ही आहोत, तुमची गरज नाही. तिनं तसं कळवलं, आणि ऑफिसातल्या कुणीतरी तिच्या फेऱ्या बंद करून टाकल्या. एका सोमवारी कचरापेट्या जिथल्या तिथेच राहिल्या. मंगळवारी सकाळी लेनमधले सगळे घरच्या कपड्यांत, थंडीत कुडकुडत आपापली पेटी ओढताना दिसले. जरा कुरकूर झाली. पण ग्रॅहम कुठे आहे, असं एकानंही विचारलं नाही.

थेल्मानं विचारलं. दार रायननं उघडलं.

"झोपलाय तो, मावशी."

"दुपारी तीनला?"

"रात्रभर गेम खेळत बसतो. तुम्ही काळजी नका करू." आणि दार लावलं. मावशी म्हणे! ग्रॅहम तिला मावशी म्हणायचा, तोच शब्द यानं उचलला होता.

तिनं पोलिसांचा साधा नंबर लावला. तातडीचा लावायला मन धजेना, तो म्हणजे रक्तबिक्त सांडलं तर लावायचा. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी आली.

"कुणाच्या जिवाला आत्ता धोका आहे का?"

"तसं... आत्ता लगेच असं नाही हो. तुम्हाला उगाच त्रास देतेय, माफ करा. तुमची धावपळ चालू असेल."

फोन ठेवला आणि थेल्मानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. धोका नाही काय, मेले! तोंडाला काय कुलूप लागलं होतं माझ्या?

मग तिनं पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावला. महिना गेला, तेव्हा कॉन्स्टेबल ओकली आली. पोरगी तशी चांगली होती, पण चाळीस-पन्नास गावांना मिळून ती आणि तिचा एक जोडीदार. थेल्माचं सगळं तिनं नीट ऐकून घेतलं.

"आम्ही याला कोकिळेचं काम म्हणतो," ती म्हणाली. "शहरातल्या टोळ्या एखादा एकटा, भोळा माणूस हेरतात आणि त्याच्या घरट्यात आपलं बस्तान मांडतात. अमली पदार्थांचा माल तिथून विकतात."

"मग काढा ना त्यांना बाहेर!"

ओकली ग्रॅहमच्या दारात गेली. थेल्मा कुंपणाशी उभी. ग्रॅहम बाहेर आला, निम्मा उरलेला. डोळ्याखाली हिरवट डाग. रायन मागे दाराच्या चौकटीला टेकून, तेच गोड हसू.

"ग्रॅहम, ही मुलं कोण?"

"माझे मित्र."

"ते इथे राहिलेले तुला चालतात?"

"हो. माझे मित्र आहेत."

"डोळ्याला काय झालं?"

ग्रॅहमनं मागे बघितलं. "पडलो."

"तो म्हणेल तसं नसतं हो!" थेल्मा कुंपणावरून ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती रस्त्यावर ओरडली असेल. समोरच्या घरातला पडदा हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

गाडीत बसताना ओकली हळूच म्हणाली, "सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या घराच्या दारात उभा राहून म्हणतो की मित्र आहेत. मी आत कशी घुसू? आणखी लोकांनी तक्रार केली तर कोर्टाकडून झडतीचा हुकूम काढता येईल. गावात दुसरं कुणी बोलेल का?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. थेल्मा पॉमफ्रेट साहेबांकडे, म्हणजे तिच्या लेखी नुसत्या रेजकडे, गेली. त्यांच्या बागेत 'घर विकणे आहे' ही पाटी नुकतीच लागली होती. मुलीजवळ, समुद्रकाठी जाऊन राहायचं चाललं होतं.

"थेल्मा, बस. चहा घे," साहेब म्हणाले. "हे बघ, पोरं जरा दंगेखोर आहेत, मान्य. पण त्यांनी आपलं काय वाकडं केलंय?"

"ग्रॅहमला मारतात ते, रेज."

"तो म्हणाला का तसं?"

"तो कसा म्हणेल?"

"मग झालं तर. उगाच टिंब पडेल आपल्यावर. एकदा पडलं की विम्यापासून घराच्या किमतीपर्यंत सगळं बोंबलतं. तुझ्यासुद्धा घराची, हो."

"तो पहाऱ्याचा स्टिकर काढून टाका मग खिडकीवरची!" थेल्मा म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून उठली. बाकी लेनमध्ये ती दारोदार फिरली. सगळे कळवळले, सगळ्यांनी "अगं बाई गं" केलं. बोलायला मात्र कुणी तयार नाही. एक म्हणाली, आमची खिडकी फोडतील. दुसरा म्हणाला, सरकारी लोक बघतील की. सरकारी लोकांना तिनं फोन केला, तर ते म्हणाले, त्याची स्वतःची संमती लागते. जिकडे जावं तिकडे ग्रॅहमच्याच तोंडाकडे बोट, आणि ग्रॅहमचं तोंड रायनच्या ताब्यात.

नोव्हेंबरात एका दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. ग्रॅहम. पावसात भिजलेला, पायात नुसते मोजे.

"मावशी, टोस्ट आहे?"

तिनं टोस्टवर बीन्स घातले, अंडी तळली, आणखी टोस्ट केले. तो हातानंच खात सुटला. त्याची मान केवढीशी झाली होती. थेल्माला रडू आवरेना, म्हणून ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"ग्रॅहम, बाळा, तू इथेच राहा. माझ्या वरच्या खोलीत. आत्तापासून."

"नाही. घर माझं आहे." तो घास गिळून म्हणाला. "रायन म्हणतो मी घराचा बॉस. त्यानं मला फोन दिलाय."

"तो मारतो ना तुला?"

"मी चुकलो की." त्यानं आणखी एक टोस्ट उचलला. "मावशी, मला आधी मित्र नव्हते."

"मी होते ना रे? आम्ही सगळे होतो."

"तुम्ही शेजारी," ग्रॅहम म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला वाटलं ते त्यानं सांगितलं, आणि थेल्माला धरणी ठाय देईना. सेहेचाळीस वर्षांत त्याला कुणी आपल्या टेबलाशी पत्ते खेळायला बसवलं होतं? शाबास ग्रॅहम म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. रायननं निदान त्याला आपल्या शेजारी सोफ्यावर बसवलं होतं.

तिनं त्याला पायमोजे दिले, नवऱ्याचे जुने बूट दिले. तो गेला तसा तिनं फोन उचलला. या वेळी तातडीचा नंबर. या वेळी माफी नाही मागितली. "त्याला मारून टाकतील ते," ती म्हणाली. "मी स्वतः बघितलंय. माझं नाव लिहा, पत्ता लिहा, कोर्टात उभी करा मला. पण या!"

आले. दोन दिवसांनी सकाळी तीन मोठ्या गाड्या चॅपल लेनमध्ये शिरल्या. शिरस्त्राणं घातलेले पोलीस, दार फोडायचा लोखंडी ठोकळा. दार उघडंच होतं. थेल्मा गाऊनवर कोट चढवून धावली. मनात एकच, सुटला गं एडना, सुटला तुझा पोरगा.

रायन आणि ते दोघं कालच सामान घेऊन निघून गेले होते. कुणी कळवलं, कसं कळलं, देव जाणे. आत एकटा ग्रॅहम आणि सोफ्याखाली पुडक्यांनी भरलेली पिशवी.

त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या हातांत बेड्या होत्या. पायात थेल्मानं दिलेले बूट, नाड्या सुटलेल्या. सगळी लेन आता बाहेर आली होती. इतके दिवस पडद्याआड बसलेले सगळे फाटकांशी उभे होते.

"अहो, त्याला कशाला?" थेल्मा ओकलीच्या अंगावर धावली. "त्याचं नाहीये ते! तुम्हीच म्हणालात ना, कोकिळेचं काम म्हणून?"

"तो म्हणतो सगळं त्याचंच आहे," ओकली म्हणाली. तिला मान वर करून बघवेना. "तीनदा विचारलं मी. घर त्याचं, पिशवी त्याच्या घरात, आणि कबुली त्याची. मला न्यावंच लागेल, मिसेस क्रॅबट्री. वकील मिळेल त्याला. डॉक्टर बघतील."

"आणि घर?"

"घर... भाड्याचं आहे ना. अशी केस झाली की करार रद्द करतात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्ही फोन केलात ते बरोबरच केलंत."

थेल्मानं तिला बाजूला सारलं आणि गाडीच्या उघड्या दाराशी गेली. ग्रॅहम मागच्या सीटवर अवघडून बसला होता, हात मांडीवर, शाळेत बसतात तसा.

"ग्रॅहम, सांग त्यांना! रायनचं आहे म्हणून सांग! आत्ता सांग, बाळा, नाहीतर घर जाईल तुझं!"

ग्रॅहमनं आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि तिच्याकडे झुकला. चेहरा आनंदानं फुलला होता. कचरापेट्या सरळ लागल्या की फुलायचा तसाच.

"नाही सांगणार," तो कुजबुजला. "रायन म्हणाला, खरा मित्र नाव सांगत नाही. मी एकदासुद्धा नाही सांगितलं, मावशी."

दार लागलं. गाडी हलली. थेल्मा काचेवर हात मारत चार पावलं धावली, मग लेनच्या मधोमध उभी राहिली. मागून पॉमफ्रेट साहेब आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला, सुटलो एकदाचे," ते म्हणाले. "आता सगळ्यांना निवांत झोप लागेल."

थेल्माला त्यांच्या थोबाडीत मारायची होती. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून आलं ते एवढंच: "हो. थँक्यू, रेज."