मागच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि तोही मागच्या भिंतीवरचा. नाकं मुरडू नका. डोंगरातल्या आमच्या शाळेत मुलं इतकी कमी, की दोन इयत्ता एकाच खोलीत पाठीला पाठ करून बसायच्या. म्हणून गावच्या सुताराने देवदाराची चौकट करून मला इथे ठोकलं. समोरचा फळा मोठा, त्यामुळे उगाच भाव खायचा.

शिकवायला मिझोबे बाई एकट्या. घटकाभर तिकडे, घटकाभर इकडे. त्या तिकडे वळल्या की आमच्याकडचं एक मूल पुढे येऊन वर्ग चालवायचं. "कोणाचं वेगळं मत?" असं विचारल्याशिवाय उत्तर पक्कं करायचं नाही, हा नियम. किती अभिमान वाटायचा मला त्या पोरांचा!

मग तोवाको ओगाता पाचवीत आली. इयत्तेत ती एकटीच. वर्ग चालवणारी तीच आणि वर्गही तीच. तरी "कोणाचं वेगळं मत?" असं विचारून ती रिकाम्या बाकांकडे नेमाने बघायची. मला गलबलून यायचं.

तिचे वडील अळंबी पिकवायचे. सहावीला पोरीला शहरात आत्याकडे ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"इथे हिच्याशी वाद घालायला आहे कोण?" त्यांनी बाईंना विचारलं. तोवाकोला जायचं नव्हतं.

पालकांनी वर्ग बघायचा दिवस आला. वडील बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून बसले. बाई तिकडे वळल्या आणि तोवाकोने माझ्यावर गणित लिहिलं. सहा किलोमीटरचा चढ ताशी दोनच्या वेगाने, त्याच वाटेने उतार ताशी सहाच्या वेगाने, तर सरासरी वेग किती? तिने झटकन 'चार' लिहिलं आणि मागे वळून विचारलं, "कोणाचं वेगळं मत?"

वडिलांचा हात वर गेला.

"ओगातासान, बोला," वडिलांच्या आडनावाला आदराचं 'सान' जोडून ती गंभीरपणे म्हणाली.

"चार कसे होतील? सगळा वेळ चढण्यातच जातो. रोज जातो ना मी."

"कारण मांडून दाखवा."

बापाला सोडते की काय! ते उठले. खडू मोडला. चढायला तीन तास, उतरायला एक, एवढं लिहून ते अडले. तोवाकोने उरलेला तुकडा उचलला. बारा किलोमीटर, चार तास, म्हणून तीन. आपला 'चार' तिने स्वतःच पुसला. दोघंही घामाघूम होऊन हसत होते.

आत्याकडे जाणं राहिलं. सहावीचं वर्षभर दर गुरुवारी वडील हात धुऊन शेजारच्या बाकावर येऊन बसायचे. बहुतेकदा चुकायचेच.

पुढे ती शहरातल्या शाळेत गेली. सुट्टीत येऊन तिने बाईंना सांगितलेलं मी ऐकलं. पहिल्याच दिवशी तिथले सर फळ्याकडे वळले आणि ही सवयीने उभी राहिली. "कोणाचं वेगळं मत?" तीस पोरं खो-खो हसली. मग शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने हळूच हात वर केला.

आता शाळा बंद आहे. माझ्यावर गावच्या बैठकांच्या तारखा लिहितात, त्या पुसायचंही कुणाच्या लक्षात राहत नाही. राहू दे. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी एकटंच असं विचारत उभं असेल, तर हात वर करा. उत्तर चुकलं तरी चालेल.