चालती ठेवलेली जीप

चौतीस वर्षं बस चालवून एकही अपघात न केलेल्या अण्णांनी निवृत्तीनंतर जुनी जीप विकत आणली आणि ती आत घेताना स्वतःच्याच फाटकाचा खांब पाडला. शेजारी हसले. अण्णाही हसण्यावारी नेत म्हणाले, बसला कधी फाटक लागलं नाही, सवय नाही. त्यांची मोठी मुलगी मात्र हसली नाही. ती खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. अण्णा घाईत नव्हते. त्यांना तो खांब दिसलाच नव्हता.

आठ दिवस मागे लागून तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर गेलीय, नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही. कधीपासून, असं त्यांनी विचारल्यावर अण्णा म्हणाले, हल्लीच. घरी आल्यावर मात्र त्यांनी मुलीला खरं सांगितलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांनी पाठ झालेल्या रस्त्यावर आणि कंडक्टरच्या शिट्टीवर काढली होती. माणसांनी भरलेली बस. अण्णांनी तिला शपथ घातली की हे कुणाला कळता कामा नये, भावालासुद्धा नाही. बिनअपघाताचं प्रशस्तिपत्रक बाहेरच्या खोलीत काचेत लावलेलं होतं. ती मूग गिळून गप्प बसली.

आता जीपचं काय करायचं? विकायला अण्णा तयार नव्हते. "तू शिक," ते म्हणाले.

ती बेचाळीस वर्षांची होती. विशीत असताना तिने हेच मागितलं होतं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, शिकून जाणार कुठे? त्याच वर्षी धाकट्या भावाला त्यांनी डेपोच्या मैदानावर रोज सकाळी नेऊन शिकवलं होतं. आई गेल्यावर घर तिच्या गळ्यात पडलं, भाऊ दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, आणि पडदे नि सोफ्यांची कव्हरं शिवण्यात तिची वीस वर्षं गेली.

जीप एका लाकडाच्या ठेकेदाराची होती आणि त्याने ती बैलासारखी राबवली होती. गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीने गिअरबॉक्सचं तेल काढलं तेव्हा तेलाबरोबर लोखंडाचा चुरा आला. पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की त्यातून रस्ता दिसायचा. मिस्त्रीने पत्रा जोडून दिला, बाकीचं अण्णांनी तिच्याकडून करून घेतलं. ती चटई टाकून गाडीखाली शिरायची आणि अण्णा बाजूला उकिडवे बसून सांगायचे, ग्रीस कुठे मारायचं, कुठला नट किती आवळायचा. एअर फिल्टर झटकून दाखवला तर म्हणायचे, पुन्हा झटक. वरचं फाटलेलं कापडी छत, म्हणजे हूड, तिने उसवून त्यावरून मापं काढली आणि जाड कॅनव्हासचा नवा शिवला. त्यात मशीनच्या सात सुया मोडल्या. हूड चढवल्यावर अण्णांनी शिवणीवरून बोटं फिरवली, पण चांगला झालाय असं काही म्हणाले नाहीत.

शिकवताना ते कडक होते. क्लच हिसक्याने सोडला की गुडघ्यावर चापट बसायची. पण हळूहळू तिचा हात बसला. फोर-व्हीलसाठी, म्हणजे चारही चाकांना जोर मिळावा म्हणून, खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची चकती फिरवून लॉक करायची, मग आत येऊन छोटा दांडा ओढायचा. हे फक्त चिखलात आणि खडीवर करायचं. डांबरी रस्त्यावर केलं तर आतली दातेरी चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतंच, हे अण्णांनी शंभरदा बजावलं. उतारावर ब्रेकवर पाय नाही, पहिला गिअर आणि धीर. जीप कुरकुरत उतरायची आणि शेजारी अण्णा डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकत बसायचे. एवढा वेळ ते तिच्यासोबत कधीच बसले नव्हते. ते तीन महिने ती खरोखर सुखात होती.

मग एका सकाळी अण्णा म्हणाले, आज वर जाऊ. डोंगरावर त्यांची थोडी जमीन होती, रस्ता संपल्यानंतरही पुढे तासभर दगडधोंड्यांतून चढायचं. दोनदा चाक घसरलं, पण इंजिन एकदाही बंद पडू न देता ती वर पोचली. अण्णा खाली उतरले, वारा खात उभे राहिले आणि म्हणाले, "जमीन मी तुझ्या भावाच्या नावावर केलीय. तो इथे घर बांधायचं म्हणतो. जीपही त्याच्यासाठीच घेतली, वर यायला लागेल ना. उभी राहिली की गाडी मरते. तो येईपर्यंत तू चालती ठेव."

तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिने विचारलं, मला शिकवलंत ते यासाठी? अण्णांनी साधेपणाने विचारलं, मग कशासाठी?

तिने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "मग तुम्हीच न्या खाली."

ते खरंच स्टिअरिंगसमोर बसले. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी इंजिन चालू केलं, हँडब्रेक सोडला, पाच-सहा हात गेले आणि थांबले. डाव्या बाजूला दरी होती. ती त्याच बाजूला शेजारी बसली होती. अण्णांनी विचारलं, "कडा किती लांब आहे?"

"चार बोटं," ती म्हणाली. प्रत्यक्षात दोन हात जागा होती. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मग ती उतरून पलीकडून आली आणि त्यांना बाजूला सरकवून गाडी खाली घेऊन गेली. खोटं बोलल्याची लाज तिला वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

भाऊ सुट्टीत आला, आयत्या बिळावरच्या नागोबासारखा. किल्ली घेऊन बायकोला फिरवायला निघाला. चकत्या लॉक करू नकोस, दांड्याला हात लावू नकोस, असं तिने सांगितलं तर म्हणाला, ताई, मी अठराव्या वर्षापासून गाडी चालवतोय. दुपारी मिस्त्रीने जीप ओढून आणली. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर त्याने तासभर ती फोर-व्हीलमध्ये पळवली होती. भाऊ अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला की गाडीची निगाच नीट ठेवलेली नव्हती.

मिस्त्रीने अण्णांकडे पाहिलं. अण्णांना खरं काय ते ठाऊक होतं.

"बाईच्या हातात होती," अण्णा म्हणाले. "चालायचंच."

तिने हात पुसले. मग शांतपणे भावाला सांगितलं, "अण्णांना दिसत नाही. बसवर असतानाच नजर गेली होती. शेवटची दोन वर्षं त्यांनी आंधळेपणाने बस चालवली." शेजारीही ऐकत होते. मिस्त्रीचा मुलगा वर्षानुवर्षं त्याच बसने कामाला जायचा.

अण्णांनी नाकारलं नाही. मिस्त्री आपली हत्यारं गोळा करून निघून गेला. आठवड्याभरात अण्णांना भेटायला येणारे जुने कंडक्टरही यायचे थांबले. भावाने अण्णांना आपल्याकडे नेलं, नवव्या मजल्यावर. डोंगरावरच्या घराचा बेत रद्द झाला. बायकोला वर जायचा तो रस्ता खालून बघूनच धडकी भरली होती. मोडकी जीप त्याने ताईला देऊन टाकली, जणू उपकारच.

माहीत असूनही ती इतके महिने गप्प राहिली, म्हणून मिस्त्री आता तिच्या गाडीला हात लावत नाही. तिने लांबच्या गॅरेजमधून काम करून घेतलं आणि आता वरच्या वस्त्यांवर पडदे नि गाद्यांची कव्हरं ती स्वतःच पोचवते. दर रविवारी ती फोन करते. भावजय सांगते की अण्णा झोपलेत. ती वेळ कधी सकाळी दहाची असते, कधी संध्याकाळी सहाची.