खिडकी नसलेली खोली

धाकट्याला आपल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्रीला बसवलं, तेव्हा ताईला स्वतःच्या अकलेचं कोण कौतुक वाटलं होतं! बायकांच्या खिडक्यांत चोरून डोकावताना सापडलेला, शिक्षा भोगून आलेला भाऊ. आणि त्या खोलीला खिडकीच नव्हती. "आता बस म्हणावं भिंतीकडे बघत," ती नवऱ्याला म्हणाली होती.

पण धाकटा दिवसेंदिवस वाळत चालला. पुरुषांचे शर्ट झकास इस्त्री करायचा, बायकांच्या कपड्यांचं गाठोडं मात्र तसंच पडलेलं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तशी एका दुपारी ताई तणतणत आत शिरली. "याला हात लावलास तर काय झडतील का रे तुझे हात?"

त्याने इस्त्री बंद केली. "ताई, मला इथून काढ. नुसतं खिडक्यांत डोकावणं नव्हतं गं. बायकांचे कपडेसुद्धा... दोरीवरून चोरायचो मी. इथलं काही घेतलं नाही, तुझी शपथ. पण रोज जीव मुठीत धरून बसतो."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे मेल्या, सुटून आल्यावर तुला नेलं तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं होतं ना? असली दुखणी बऱ्याचदा एकेकटी नसतात, एकावरच औषध केलं तर दुसरं डोकं वर काढतं, असं फोड करून सांगितलं त्यांनी. तेव्हा ठाम नाही म्हणालास!"

"तू शेजारी होतीस. माझा हात धरून."

ताईला आता उमगलं. मधुमेहाच्या माणसाला मिठाईच्या दुकानात बसवलं, आणि त्याचं तोंडही आपणच दाबून धरलं! तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिने ते गाठोडं स्वतः उचललं आणि पुढे नेलं. "आजपासून चादरी आणि पडदे तेवढे तुझे," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला दवाखान्यात ती दाराशीच थांबली. "तू जा. मी बाहेर बसते. सगळं सांग, माझी लाज धरू नकोस."

"अजूनही आहे, ताई."

तिला भीती वाटली त्याची, आणि मायाही तेवढीच दाटून आली. "असू दे. तेही सांग."

दार लागलं. बराच वेळ उघडेना, तशी ती आधी धास्तावली. मग वाटलं, लागू दे वेळ, एकदाचं सगळं बाहेर पडू दे.

तो बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते. "ताई, घरी येऊ ना मी?"

"मग काय इथेच टाकून जाऊ तुला? चल, चादरींचा ढीग पडलाय."