शून्याचे बूट

फोन आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत बूट होते. धरलेले नव्हेत, घातलेले. कार्टूनमधल्या पोरांच्या पावलांचे आवाज काढणं हे त्याचं काम. नऊ वर्षांच्या पोराचे बूट मोठ्या माणसाच्या पायात शिरत नाहीत, म्हणून तो गुडघे टेकून फळीवर हातांनी चालायचा. फोन उचलला तो आवाज टिपायच्या यंत्रावर बसणाऱ्या जाड्यानं.

"काका, दवाखान्यातून आहे. काकू..."

सकाळी बायको शेजारणीबरोबर दवाखान्यात गेली होती. "छातीत जरा दुखतंय, एवढंच. तुम्ही येऊन काय माझी नाडी धरणार? कामाला जा," म्हणाली होती. तो बूट चढवलेल्या हातांनीच दाराची कडी काढायला लागला. जाड्यानं ते बूट काढून घेतले, शाळेतून आलेल्या पोराचे काढतात तसे.

बायकोचं दिवसकार्य उरकून पंधरा दिवसांनी तो परत कामावर आला. काम तेच होतं, सुट्टी लागायच्या दिवशी टीव्हीवर दाखवायची तासाभराची गोष्ट. तिच्यातल्या शून्याचा आवाज म्हणजे त्याची बायको. शून्या सगळ्या विषयांत नापास, शेवटच्या बाकावरचा, आणि वर्गात कायम पहिल्या येणाऱ्या मुलीवर त्याचा जीव. निकालाच्या दिवशी ती मुलगी जन्मात पहिल्यांदा दुसरी येते आणि मैदानातल्या बाकावर एकटीच रडत बसते. शून्या चालत जातो आणि विचारतो, "मी इथे बसू?" तिथे गोष्ट संपते.

एवढं एकच वाक्य बोलायचं राहिलं होतं. बायकोनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा प्रेमात पडायचंय, जरा दम खाऊ द्या की."

दिग्दर्शिका बाई वयानं लहान, पण मनानं मोठी. तिनं आडपडदा ठेवला नाही. "काका, वाहिनीवाले म्हणतात एका पात्राला एकच आवाज. सगळा शून्या दुसऱ्या कुणाकडून पुन्हा बोलून घ्या म्हणतात."

"सगळा?"

"खोकल्यासकट. परवापर्यंत मी थोपवलंय. तुम्हाला काही सुचतंय का बघा."

म्हणजे बायकोचं आठ महिन्यांचं काम पुसलं जाणार होतं. तो जाड्याशेजारी जाऊन बसला. मग म्हणाला, "जाड्या, शून्याची शेवटची पावलं लाव."

इतर ठिकाणी आधी बोलणं टिपतात, पावलं मागाहून. या दोघांचं उलटं होतं. "पोरगा चालतो कसा ते ऐकल्याशिवाय बोलतो कसा ते मला काय कळणार?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे त्या प्रसंगाची चाल तयार होती. जाड्यानं चित्राबरोबर लावली. अकरा पावलं वाजली आणि आवाज थांबला. चित्रातला शून्या मात्र आणखी चार पावलं मुक्यानं चालत बाकाशी पोचला.

"काका, चार पावलं कमी? तुमच्याकडून?" जाड्यानं विचारलं.

तेव्हा त्याला आठवलं. बायको समोर कागद घेऊन उभी होती. अकराव्या पावलाला तिनं हात वर केला होता. "थांबा. हा पोचायचा नाही. एवढा नापास पोरगा सरळ बाकापर्यंत जातो होय? इथेच पाय गळाले त्याचे."

"अगं, चित्रात पोचतोय."

"चित्रवाल्यांना सांगू आपण."

सांगायचं दोघंही विसरले होते.

तो उठला. "बाई, शून्या पोचतच नाही. अलीकडेच उभा राहतो. मुलगी त्याला बघते, उठते आणि चार पावलं तीच चालून येते. मग विचारायला काही उरत नाही."

बाई डोळे पुसत थेट चित्रवाल्यांच्या खोलीत गेली. चित्रवाले कुरकुरले. एक तर म्हणाला, "ही अक्कल चित्रं संपल्यावरच येते." पण तोच दोन दिवस जागचा हलला नाही. वाक्यच उरलं नाही, तेव्हा दुसरा आवाजही नको, हे वाहिनीवाल्यांनाही पटलं.

राहिली मुलीची पावलं. तिला अख्ख्या गोष्टीत चालावंच लागलं नव्हतं. वह्या मागायला सगळे तिच्याकडे यायचे. त्यानं पेटीतून मुलीचे बूट काढले, हातांत घातले आणि गुडघे टेकले. चाल शोधावी लागली नाही. तीस वर्षांपूर्वी याच इमारतीच्या जिन्यात बायकोला लग्नाचं विचारायला जाताना तो असाच अर्ध्यावर अडकला होता. वरून ती चार पायऱ्या उतरून आली होती, घाई न करता, शेवटची पायरी जरा जोरात. "विचारताय, की मी जाऊ?"

पहिल्याच खेपेला जमलं. जाड्यानं काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि तोंड फिरवलं.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून ती गोष्ट पाहिली. तासभर शून्या बोलला, खोटं बोलला, शिंकला, गुण लपवताना चाचरला; सगळं बायकोच्याच गळ्यातून. शेवटी तिचं नाव आलं तेव्हा तो उठला. भाषण त्याला बापजन्मात जमलं नव्हतं. त्यानं जाड्याच्या, बाईच्या, कुरकुरणाऱ्या चित्रवाल्याच्याही हातात हात दिला आणि म्हणाला, "तुम्ही तिला राहू दिलंत."

"काका, आम्ही काय केलं? काकूंनीच हात वर केला होता," बाई म्हणाली.

बायकोचा कागद आता त्याच्याकडे असतो. बाकी सगळ्या वाक्यांवर बरोबरच्या खुणा आहेत. शेवटच्या वाक्याखाली नुसती पेन्सिलीची रेघ आहे. ते वाक्य कुणी बोललेलं नाही.