ड्रुइटच्या टेकाडावरची माणसं

गुरुवारी सकाळी साडेआठलाच मार्व्हेला क्रॉपर ही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जुन्या दप्तरखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. दार उघडायला अजून अर्धा तास होता. शेजारी काठी टेकून तिची एक्याण्णव वर्षांची झिपोरा मावशी उभी होती. घरी राहा म्हटलं तर ऐकली नव्हती.

"उद्या नऊला सुनावणी, आणि तू आज कागद शोधायला निघालीस," मावशी म्हणाली.

"तीन महिने तेच करतेय, मावशी. एकच दुवा राहिलाय."

"एकच दुवा राहिला म्हणजे साखळी तुटलेलीच की."

मावशीचं खरं होतं.

टॅनर क्रीकच्या काठावर, मक्याच्या शेताच्या टोकाला ड्रुइटचं टेकाड होतं. तीनशे वर्षांपूर्वी जोसायस ड्रुइट नावाच्या इंग्रज माणसानं तिथे सहाशे एकर घेतले, तंबाखू लावला, आणि मेल्यावर त्याच टेकाडावर पुरला गेला. पुढे १८११ साली त्याच्या शेवटच्या वारसानं जमीन विकली, पण खरेदीखतात टेकाडावरचा दफनभूमीचा अर्धा एकर राखून ठेवला, 'ड्रुइटांच्या रक्ताच्या माणसांसाठी कायमचा.' आता एका कंपनीला तिथे गोदाम बांधायचं होतं. कुंपणाशी सोमवारपासून बुलडोझर उभे होते. ड्रुइट घराण्याच्या छापील इतिहासात शेवटचं वाक्य होतं, 'येथे ड्रुइटांचा वंश संपला.' कंपनीचा वकील तेवढंच वाक्य पुनःपुन्हा वाचून दाखवत होता. न्यायाधीश म्हणाले होते, रक्ताचं माणूस असेल तर त्यानं शुक्रवारी कागद घेऊन यावं. नसेल तर काम सुरू होईल.

क्रॉपरांच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच बोललं जाई, आपली माणसं ड्रुइटच्या टेकाडावर झोपलीत. काळ्या लोकांच्या तोंडी सांगण्याला कोर्टात कोण विचारतो? म्हणून बसचालक म्हणून निवृत्त झालेली मार्व्हेला कागदांच्या मागे लागली होती. स्वतःपासून मागे जात ती १७९० च्या शिरगणतीतल्या लेविन क्रॉपर या स्वतंत्र काळ्या माणसापर्यंत पोचली होती. आणि जोसायसपासून पुढे येताना १७१९ च्या कोर्टाच्या वहीत तिला त्याची धाकटी मुलगी सापडली होती. छापील इतिहासात टॅमझिन लहानपणीच वारली असं लिहिलं होतं. वहीत ती चांगली जिवंत होती, आणि सॅम्प्सन क्रॉपर या काळ्या माणसापासून मूल झालं म्हणून चाबकाची शिक्षा भोगत होती. ते मूल, एसाव, एकतीस वर्षांच्या सक्तीच्या चाकरीसाठी एका पिंपं करणाऱ्याकडे बांधून दिलं गेलं. एसाव आणि लेविन यांच्यामध्ये काय, ते कुठेच नव्हतं.

दप्तरखान्याचा कारकून हॉलिस बीन नियमांचा माणूस. "एका वाचकाला एका वेळी एक खोका," त्यानं रोजच्यासारखं सांगितलं. "पेन्सिल चालेल, पेन नाही. चारला बंद. नक्कल हवी तर दहा मिनिटं आधी. आणि मोठ्यानं बोलायचं नाही." शेवटचं वाक्य त्यानं मावशीकडे बघून म्हटलं.

"मला कमी ऐकू येतं," मावशी मोठ्यानं म्हणाली.

दुपारी दोन वाजता १७५० च्या वहीच्या समासात मार्व्हेलाला एक ओळ दिसली. 'एसाव क्रॉपर याचा अर्ज वाचला. सुट्या कागदांत ठेवला.' ती जवळजवळ धावतच हॉलिसकडे गेली.

"सुटे कागद, सतराशे पन्नास."

"खोका सदतीस," हॉलिस म्हणाला. "तो बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे?"

त्यानं पेन्सिलीनं खिडकीकडे खूण केली. खिडकीपाशी गॅरेट स्ट्राउड बसला होता. तिशीचा, नीटनेटका, मृदू बोलणारा. सकाळी त्यानंच मावशीसाठी दार उघडून धरलं होतं. कंपनीनं जुने कागद तपासायला ठेवलेला माणूस तो.

मार्व्हेला आपल्या टेबलाशी येऊन बसली. वही उघडी ठेवली, पण नजर खिडकीकडे. गॅरेट एकेक घडी उलगडत होता, वाचत होता, बाजूला ठेवत होता. सव्वादोनला त्याचा हात थांबला. एका कागदावर तो वाकला. मग मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. पेन्सिल उचललीच नाही. वर पाहिलं तेव्हा दोघांची नजर भेटली, आणि त्यानं लगेच मान खाली घातली.

अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. कुठल्या पोरानं दप्तरात काय लपवलंय, ते तिला आरशातून कळायचं.

ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "खोका कधी सोडणार?"

"चारला, मॅडम."

"चारला दार बंद होतं."

"मला माहीत आहे." त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला काहीतरी सापडलंय."

"मी माझं काम करतोय, मॅडम."

ती वळून हॉलिसकडे गेली. "ते वाचत नाहीयेत. नुसते बसलेत."

"नियमानं खोका चारपर्यंत त्यांचाच आहे, मिस क्रॉपर," हॉलिस म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते आवडलं नसावं. तो चष्मा पुसत बसला.

तीन वाजले. सव्वातीन झाले. घड्याळाचा काटा मार्व्हेलाच्या छातीतच फिरत होता. डोळ्यांसमोर बुलडोझरचं पिवळं पातं येत होतं. खोका हिसकावून घ्यावा असंही एकदा मनात आलं. तसं केलं तर उद्या वकील त्याचंच भांडवल करील, हे कळत होतं म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

तेवढ्यात मावशीचा आवाज आला. "काय रे बाळा, तुझी आजी कुठे पुरलीय?"

"मिस झिपोरा, आवाज," हॉलिस कुजबुजला.

"तुला नाही विचारलं. ह्याला विचारलं."

गॅरेटनं वर पाहिलं. "ओहायोत. चर्चमागे."

"जाऊन बसता येतं तिथे?"

"हो."

"बरंय मग," मावशी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

तीन पस्तीसला गॅरेट उठला. खोका मेजावर ठेवला, सही केली, अंगात कोट चढवला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला.

हॉलिसनं नोंद केली. रोज तो अक्षर घोटून लिहायचा, आज भराभरा खरडलं. खोक्यात दोनशेच्या वर कागद, तपकिरी, घडीत चिकटलेले. इतक्या वेळात ते सगळे वाचून होणं शक्यच नव्हतं. पण मधूनच पांढऱ्या कागदाची एक पट्टी वर आली होती, नक्कल काढायच्या जागी वाचक ठेवतात तशी. मार्व्हेलानं तिथली घडी उघडली.

'माननीय न्यायसभेस एसाव क्रॉपर याचा नम्र अर्ज. माझी आई टॅमझिन, जोसायस ड्रुइट यांची कन्या. एकतीस वर्षांची चाकरी मी पुरी केली, तरी मालक सोडत नाही. माझा मुलगा लेविन, वय पाच, यालाही तो आपलाच म्हणतो.' खाली नावाऐवजी थरथरती फुली. मागे दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दोघांस मोकळे करावे.'

तिला आनंद व्हायला हवा होता. पण पाच वर्षांच्या पोराला सोडवायला कोर्टात उभा राहिलेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि कागद ओला होऊ नये म्हणून तिनं तोंड फिरवलं.

"आणा इकडे," हॉलिस म्हणाला. नक्कल काढायचं यंत्र तापायला वेळ लागला. शिक्क्याची शाई वाळलेली निघाली. त्यानं दुसरी डबी शोधली. शिक्का उमटला तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. हॉलिसनं वेळ लिहिली, तीन पंचावन्न.

"हे घड्याळ पुढे पळतं," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला.

शुक्रवारी वकिलानं ती नक्कल दोन बोटांत धरली. "सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी असा कागद सापडावा, हे जरा नवलच आहे. आमच्या तज्ज्ञानं हाच खोका तपासलाय. त्याच्या अहवालात असा कागद नाही."

न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "ते तज्ज्ञ इथे आहेत? उभे राहा."

गॅरेट उभा राहिला. मार्व्हेलानं मावशीचा हात घट्ट धरला. त्यानं नुसतं 'माझ्या लक्षात नाही' म्हटलं तरी महिनाभराची तारीख पडली असती, आणि काम शुक्रवारपर्यंतच अडवलेलं असल्यानं दरम्यान टेकाड उरलं नसतं.

"अहवाल मी दीड वाजता पाठवला होता," तो म्हणाला. "कागद मला त्यानंतर दिसला."

"आणि?"

वकील मान वळवून त्याच्याकडे बघत होता.

"कागद खरा आहे, साहेब. शाई, अक्षर, दप्तरी खूण, सगळं त्या काळचं. वहीतल्या नोंदीशी जुळतं. या बाई ड्रुइटांच्या रक्ताच्या आहेत."

न्यायाधीशांनी अर्ध्या तासात हुकूम दिला. राखीव अर्ध्या एकरात यंत्र जाणार नाही, कंपनीनं कुंपण घालावं, नातेवाइकांना वाट द्यावी. गोदाम मात्र होणारच होतं, कुंपणाला लागून.

बाहेरच्या व्हरांड्यात मार्व्हेलानं गॅरेटला गाठलं. "कालच का नाही बोललास?"

"धीर झाला नाही."

"सव्वा तास मला जिवंतपणी भाजलंस तू."

"हो," तो म्हणाला. सबब सांगितली नाही. "सोमवारी बहुतेक मला काढतील."

तिला त्याची दया आली, आणि रागही गेला नव्हता. "आभार मानते," ती म्हणाली, "पण आज मिठी मारणार नाही."

रविवारी चर्चनंतर दोघी टेकाडावर गेल्या. मावशीला घडीच्या खुर्चीत बसवलं. गवतात बोटभर वर आलेले दगड होते, एकावरही नाव नाही.

"टॅमझिनचा दगड कुठला?"

"कळायला मार्ग नाही, मावशी."

"मग सगळ्यांनाच ऐकू जाईल असं सांग."

मार्व्हेला उभी राहिली. जोसायसपासून सुरुवात केली, टॅमझिन, एसाव, लेविन, आणि खाली येत येत स्वतःच्या आईपर्यंत आली. पलीकडे खांब रोवणाऱ्या कामगारांनी हातोडे थांबवले होते.

"हायरमला गाळलंस," मावशी म्हणाली. "माझ्या आज्याला. नीट सांग, परत पहिल्यापासून."