फुगोबाची सत्तावीस हजार पावलं

भूत मी सोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आमच्या शेवंतीचं नाव उगाच कुणी घ्यायला नको.

माझी नात संचिता सहावीत आहे. तिच्या बापाचा जुना मोबाइल तिच्याकडे असतो आणि त्यात ती राक्षस, भुतं, चित्रविचित्र प्राणी पकडून पाळायचा खेळ खेळते. त्या सगळ्या मंडळींत तिचा लाडका एकच. जांभळा, गोल, तट्ट फुगलेला, खाली दोरी लोंबतेय, आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी रागावलंय. फुगा म्हणावा तर भूत, भूत म्हणावं तर फुगा. असल्या भुताला ती फुगोबाच म्हणते.

"हा एक आत्मा आहे आबा," तिनं मला एकदा सांगितलेलं. "त्याला वर जायचं होतं, पण फुग्यात अडकला. आता कुणीतरी दोरी धरावी म्हणून भटकत असतो."

हे माझ्या डोक्यात बसलं. पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

संचिताची मैत्रीण रुचिता आमच्या शेजारीच राहायची, भिंतीला भिंत लागून. वर्षापूर्वी तिच्या वडिलांनी घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर घर घेतलं. आमच्या मोहने गावापासून घोडबंदर काही परदेशात नाही, पण त्या रस्त्याचं ट्रॅफिक बघता परदेशच बरा. वर्षात पोरी दोनदा भेटल्या. जाताना दोघींनी एकेक फुगोबा पकडून ठेवलेला. खेळात असं आहे म्हणे, की दोन फुगोबा तिसाव्या लेव्हलला पोचले आणि त्यांच्या मालकिणी समोरासमोर उभ्या राहिल्या, की त्यांच्या दोऱ्यांची गाठ बसते. मग ती कधीच सुटत नाही. खेळवाल्यांनी त्या गाठीला एकच दिवस ठेवलेला, येता रविवार. संध्याकाळी पाच वाजता ठाण्याला तलावपाळीवर भेटायचं ठरलं. दोघींचे फुगोबा तिसावर पोचून तयार होते.

गुरुवारी सकाळी संचिता शाळेच्या शिबिराला निघाली. तिथे मोबाइल चालत नाही, म्हणून तो माझ्या हातात दिला. "रोज एकदा उघड आणि त्याला बोटानं झुलव, म्हणजे तो रुसत नाही. बाकी कशाला हात लावू नको हां आबा."

नेमका तेव्हाच आमच्या विठ्ठल मंदिराचा सप्ताह चालू होता. मी त्यातला जुना टाळकरी. कारखान्यात फिटर होतो तेव्हाही पाळी बदलून घ्यायचो, पण सप्ताह चुकवला नाही. गुरुवारच्या कीर्तनात आनंदा महाराजांनी पोपटाचा दृष्टांत लावला. पायाला दोरी बांधलेला पोपट. मालक रोज पेरू भरवतो, गोड बोलतो, पण पोपटाचे डोळे अंगणातल्या आंब्यावर. "मालकाचं प्रेम खोटं नाही, माउली," महाराज म्हणाले, "पण दोरीही खोटी नाही." मला हुंदकाच आला. टाळ दोन ठोके चुकला.

घरी आलो. हातपाय धुतले, मोबाइल उघडला. फुगोबा स्क्रीनच्या वरच्या कडेला डोकं टेकवून उभा. दोरी लोंबतेय. अगदी तो पोपट.

शोधत गेलो तर एका कोपऱ्यात 'सोडून द्या' असं बटण होतं. दाबलं. खेळानं विचारलं, नक्की? हो. परत विचारलं, खरंच? हो. तिसऱ्यांदा विचारलं. मला बरं वाटलं, एवढ्या मोठ्या गोष्टीला तीनदा विचारतात म्हणजे बनवणारा माणूस संस्कारी असणार. देव्हाऱ्यातलं तुळशीचं पान आणून स्क्रीनवर ठेवलं, पण मग फुगोबाच दिसेना, म्हणून काढलं. रामकृष्णहरी म्हणालो आणि दाबलं. फुगोबानं दोरीचं टोक हलवलं आणि गेला वर.

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. शेवंती पोळ्या लाटत होती, तिला जाऊन सांगितलं.

"कुणाला सोडलं?"

"फुगोबाला. आत्मा अडकलेला गं."

"पोरीला विचारलंत?"

"पुण्याच्या कामाला काय विचारायचं?"

"तुमच्या पुण्यापायी तिचं वर्ष गेलंय," ती म्हणाली आणि लाटणं पोळपाटावर ठेवलं. शेवंतीनं लाटणं खाली ठेवलं की मी चुकलेलो असतो. पस्तीस वर्षांत यात बदल नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. रुचिताचा व्हिडिओ कॉल. "आजोबा, फुगोबा दाखवा ना. तीसच आहे ना?"

सांगितलं तिला. तिनं फोन कुठेतरी ठेवला, कारण बराच वेळ मला नुसता त्यांच्या घरचा पंखा दिसत होता. मग ती परत आली. नाक लाल, पण आवाज एकदम डॉक्टरसारखा.

"आजोबा, रडू नका."

"मी कुठे रडतोय?"

"बरं. उद्या शुक्रवार आहे. फुगोबे फक्त शुक्रवारी संध्याकाळी येतात, मोकळा वारा असेल तिथे. नदीवर जा. दिसला की दोरीवर बोट ठेवायचं आणि दहा मिनिटं हलायचं नाही. पण तो तिसऱ्या लेव्हलचा असेल. एक लेव्हल वाढायला हजार पावलं लागतात."

"म्हणजे सत्तावीस हजार."

"रविवारी पाचच्या आत," ती म्हणाली. "मी तिला काही सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

शुक्रवारी चार वाजता आम्ही दोघं उल्हास नदीच्या काठी गेलो. शेवंती म्हणाली, तुमच्या एकट्याच्या भरवशावर मी हे काम सोडत नाही. तासभर काही नाही. मग काठावरच्या झुडपामागून एक छोटासा फुगोबा डोकावला, लिंबाएवढा. मी दोरीवर बोट ठेवलं आणि उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला नाकावर माशी बसली. मी डोळ्यांनी शेवंतीकडे बघितलं. तिनं पदरानं माशी हाकलली आणि म्हणाली, "बाईनं नवऱ्यासाठी काय काय करायचं याला काही मर्यादा?" दहा मिनिटं झाली. फुगोबा आमचा झाला.

आता पावलं. माझे गुडघे गेल्या वर्षीपासून कुरकुरतात. डॉक्टर चाला म्हणतात, गुडघे नको म्हणतात, आणि मी गुडघ्यांचं ऐकतो. कीर्तनातही हल्ली मी रांगेच्या टोकाला उभा राहून नुसता कमरेतून डुलायचो. पण शुक्रवारी मोबाइल सदऱ्याच्या खिशात घातला आणि पहिल्या भजनापासून पावली धरली. दोन पुढे, दोन मागे, वळायचं, परत दोन पुढे. शेजारी तानाजी होता, रिक्षा चालवतो, अंगानं दांडगा. तो कानाशी म्हणाला, "काय सहदेवकाका, आज इंजिन बदललं काय?"

कीर्तन संपलं तेव्हा पाच हजार झालेली. फुगोबा आठवर. रात्री शेवंतीनं गुडघ्यांना तेल लावलं, हे तिचं प्रेम. शनिवारी सकाळी बाजारात पायी जाऊन आलो, दोन हजार. फुगोबा दहावर. हिशेब जमत नव्हता आणि पाय तर अजिबात जमत नव्हते.

शनिवारच्या कीर्तनात महाराज अगदी हळव्या जागी आलेले. लहान लेकरू जत्रेत आईचं बोट सुटून हरवतं, आणि ती माउली त्याला शोधतेय. मृदंग थांबला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सगळं मंदिर चिडीचूप. आणि माझ्या खिशातून आवाज आला, "फुईंऽऽ."

फुगोबा अकरावर पोचला होता. लेव्हल चढली की तो असा ओरडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी टाळांच्या गजरात ऐकू आलं नसणार.

महाराजांनी मान वळवली. "सहदेवबुवा, खिशात काय आहे?"

पांडुरंगासमोर काय लपवणार. "भूत आहे महाराज," म्हणालो. मग सगळंच सांगितलं. पोपट, दोरी, तुळशीचं पान, दोन पोरी, उद्या पाच वाजता. बायकांच्या बाजूनं हसण्याची लाट आली ती थांबेचना. शेवंती खांबाआड सरकली.

महाराज हसले नाहीत. चिपळ्या खाली ठेवल्या, उपरण्यानं कपाळ पुसलं. "पोपटाचा दृष्टांत कुणी दिला?"

"तुम्ही."

"म्हणजे निम्मी चूक माझी. पोपट ज्याचा त्यानं सोडायचा असतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं." मग मंडपाकडे वळले. "मंडळी, इथे एका आईचं लेकरू हरवलंय म्हणून आपण आत्ता रडत होतो. आणि तिथे एका लेकराचा फुगा हरवलाय म्हणून हसतोय. बुवा, किती पावलं राहिली?"

"एकोणीस हजार."

"मग उभे राहा सगळे."

मृदंगानं ठेका धरला. विठ्ठल विठ्ठल सुरू झालं आणि असं सुरू झालं की मांडवाचे बांबू हलायला लागले. तानाजीनं माझ्या खिशातून मोबाइल काढून आपल्या खिशात घातला. "काका, तुम्ही टाळ वाजवा. पाय माझे." त्याचा दम लागला की मोबाइल पुढच्याकडे. रविवारी सकाळी काल्याच्या कीर्तनात तर बायकांनी तो मागून घेतला. सरोजवहिनींनी कमरेला खोचून फुगड्या घातल्या. दर हजाराला फुगोबा ओरडायचा आणि सगळा मांडव ओरडायचा, "फुईंऽऽ." दहीहंडी फुटली, प्रसादाची पंगत बसली, तेव्हा बघितलं. एकोणतीस.

एक कमी.

पत्रावळीवरून उठून फेऱ्या मारणार, एवढ्यात संचिता आली. पाठीवर सॅक, नाक उन्हानं सोललेलं. मी मनात वाक्य घोकून ठेवलेलं, बाळा, माझी एक चूक झाली. तिनं हात पुढे केला, मी मोबाइल दिला.

"एकोणतीस? तीस होता ना रे?"

"उतरला असेल," माझ्या तोंडून गेलं. "तू नव्हतीस ना."

गळ्यात माळ आणि तोंडात हे. शेवंतीनं माझ्याकडे असं बघितलं की लाटण्याची गरज नव्हती.

संचितानं आणखी कुठेतरी बोट लावलं आणि वाचायला लागली. "पावलं, सव्वीस हजार. अंतर, दीड किलोमीटर." ती थांबली. "आबा, सव्वीस हजार पावलं चालून हा कुठे गेलाच नाही? हा माझा फुगोबा नाहीये."

मग मी सांगितलं. यावेळी सगळं, मघाचं खोटंसुद्धा. ती ऐकत होती, खालचा ओठ दाताखाली धरून. रडली असती तर बरं झालं असतं. "तू मला विचारायला हवं होतंस," एवढंच म्हणाली.

"हो."

"मी पण सोडला असता कदाचित. गाठ मारून झाल्यावर."

ठाण्याला निघालो. गाडीत ती शेजारी बसली होती, पण खिडकीला चिकटून. साडेचारला तलावपाळीवर उतरलो तर रुचिताचा फोन. घोडबंदरला ट्रॅफिक जॅम, अजून अर्धा तास. त्या रस्त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा आशीर्वाद दिला.

"हजार पावलं राहिलीत," मी म्हणालो. "तळ्याला फेरी मारली तर होतील."

तिनं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मग मोबाइल एका हातात घेतला आणि दुसरा हात माझ्या हातात दिला. निघालो. वाऱ्यावर भेळेचा वास, बोटीतली पोरं पाणी उडवतायत. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "गेला तेव्हा हात केला का त्यानं?"

"दोरी हलवली. वरच बघत होता."

"खूश होता?"

"मला तसं वाटलं गं. मी होतो खूश, हे नक्की."

ती फिसकन हसली आणि पुन्हा गंभीर झाली. "तुळशीचं पान खरंच ठेवलेलंस?"

"काढलं लगेच. दिसेना."

आता ती इतकी हसली की एका आजोबांनी वळून बघितलं. अर्धी फेरी झाल्यावर फुगोबा ओरडला, "फुईंऽऽ," आणि मी सवयीनं जोरात साथ दिली. संचितानं कपाळावर हात मारला.

समोरून रुचिता धावत आली, मागून तिची आई "अगं हळू" करत. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि आधी मोबाइल विसरून नुसत्याच एकमेकींना धरून उड्या मारत राहिल्या. मग आठवण झाली. दोन फुगोबा एकमेकांकडे तरंगत गेले, दोऱ्या गुंतल्या, गाठ बसली. रुचितानं माझ्याकडे बघून मान हलवली, ऑपरेशन यशस्वी झाल्यासारखी.

मी कठड्यावर बसायला जागा शोधत होतो. आता गुडघ्यांना सुट्टी, असं मनात म्हणतोय, तोवर संचितानं सदरा ओढला.

"चल आबा, उठ. पूर्ण फेरी मारायची."

"आता कशाला? झालं ना तीस?"

"अरे, हा नवा बिचारा सव्वीस हजार पावलं मंदिरातच नाचला. त्यानं अजून काही बघितलंच नाहीये. त्याला तळं दाखवू."

दोघींनी मला मध्ये घेतलं. पोरी आपल्या नेहमीच्या चालीनं चालत होत्या, आणि माझे पाय काही केल्या ऐकेनात, दोन पुढे, दोन मागे.

"आबा, सरळ चाल ना," संचिता म्हणाली, आणि दोन पावलांनी तीही पावलीत आली.